तो तुम्हाला थोडाच म्हणाला?

प्रश्न : आमचं गाव जिंतूर तालुक्यात. विधानसभेच्या प्रचारात पारावर सभा झाली. एक पुढारी समोरच्या पक्षाबद्दल म्हणाला, ‘ही राजकारणातली रगतपिती आहे, गावात शिरू देऊ नका.’ लोक हसले, टाळ्या पडल्या. रगतपिती म्हणजे कुष्ठरोग, आणि माझ्या मालकांनी त्याचं औषध पुरं करून चार वर्षं झालीत. ते उठून घरी आले, जेवले नाहीत. जाऊबाई म्हणतात, ‘तो तुम्हाला थोडाच म्हणाला?’ मी उगाच मनाला लावून घेते का?

उत्तर : नाही ताई, उगाच नाही. जाऊबाईंना विचारा, मग टाळी कशाला पडली? रोग्याला वेशीबाहेर घालवायची जुनी भीती अजून मनात आहे, म्हणून तो शब्द चालला. पुढाऱ्यानं ती भीती वापरली आणि आणखी घट्ट केली.

मी परभणी जिल्ह्यात 31 वर्षं अवैद्यकीय सहाय्यक होतो. कुष्ठरोगाचे चट्टे शोधत गावोगाव फिरणं हेच माझं काम. सेलूकडच्या एका वाडीवरचा पंचविशीतला गडी आठवतो. डोळे मिटायला लावून मी त्याच्या हातावरच्या चट्ट्याला बॉलपेन टेकवलं, म्हटलं, लागेल तिथं बोट ठेव. बोट हललं नाही, चट्टा बधिर होता. भर मे महिन्यात, रानात राबतानाही लांब बाह्यांचा सदरा घालून दोन वर्षं त्यानं तो चट्टा झाकला होता. का, तर म्हणाला, ‘साहेब, लोक काय म्हणतात ते पारावर ऐकलंय.’ तोवर कोपराजवळची शीर जाड होऊन करंगळी वाकली होती. बारा महिने गोळ्या घेतल्या, जंतू मेले, रोग गेला. करंगळी तशीच राहिली.

तुमच्या सभेतही असा एखादा सदरा बसलेला असेल. मला राग येतो तो यासाठी.

हा रोग जंतूनं होतो, शापानं नाही. बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद असते. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. चट्टे पाचपर्यंत असतील तर साधारण सहा महिने, जास्त असतील तर बारा. औषध सुरू झालं की रोगी इतरांना रोग देत नाही. गोळ्यांनी लघवी लालसर होते, तेवढ्यानं घाबरून काहीजण गोळ्या सोडतात, तेही करू नये. जाऊबाईंना हे सगळं सांगा.

आता कायद्याचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगातून बरे झालेले लोकही येतात, आणि चारचौघांत दिव्यांगाचा जाणूनबुजून अपमान केला तर कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. पण इथं रोख पक्षावर होता, त्यामुळे पोलिसांत गेल्यानं फारसं हाती लागेल असं मला वाटत नाही. डिसेंबर 2023 मध्ये निवडणूक आयोगानं पक्षांना बजावलंय की आंधळा, बहिरा, लंगडा, वेडा असे शब्द भाषणात हिणवायला वापरू नका. त्याचा हवाला देऊन निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना अर्ज द्या. तारीख, जागा आणि नेमकं वाक्य लिहा. मालकांचं नाव घालायची गरज नाही. पुढाऱ्याला गाठायचं तर गावच्या आशा कार्यकर्तीला सोबत न्या.

आणि मालकांचे तळपाय बधिर असतील तर रोज रात्री दिव्याखाली स्वतः बघत जा. काटा रुतला, चटका बसला तरी त्यांना कळणार नाही.