आईचं स्टेरॉइड आणि नातवाची लस

प्रश्न : संधिवातासाठी आई दोन महिने रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेते. तिला कांजिण्यांची लस द्यावी का? नातवाला गोवर-गालगुंड-रुबेलाची द्यायची आहे, ती टाळू का?

उत्तर : आईला सध्या नको. या लशीतला विषाणू दुबळा केलेला असला तरी जिवंत असतो. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर तो आवरत नाही, खरा आजारच होऊ शकतो. एवढा डोस १४ दिवसांहून जास्त घेतला, की तो थांबवल्यावर लशीसाठी निदान महिनाभर थांबतात. (गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, हे मी रोज सांगतो!) नातवाला खुशाल द्या, त्याला गोवर झाला तर आजीलाच धोका. घरात फक्त तोंडावाटे द्यायची पोलिओची लस टाळा, तो विषाणू शौचावाटे बाहेर पडतो. फ्लूची निष्क्रिय (जिवंत विषाणू नसलेली) लस आईला चालेल.