जुना पोशाख आधी उलटा करून बघ

जुन्या पोशाखावरून नवा बेतायचा असेल, तर संग्रहालयातला पोशाख समोर आला की लगेच स्केचबुक उघडू नकोस. परवानगी मिळाली तर आतली बाजू बघ. शिवणीला किती माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडलीय, अस्तर कुठे हातानं टाचलंय, काखेत कुठे ठिगळ लावलंय. खरी हुशारी तिथे दिसते.

दिऑर या फ्रेंच फॅशन हाउसचं १९४७ चं 'बार' नावाचं जॅकेट घे. फोटोत नाजूक कंबर दिसते, पण खालचा फुगीर घेर आतल्या पॅडिंगवर उभा आहे. २०१२ मध्ये दिऑरचा तेव्हाचा डिझायनर राफ सिमन्सनं तो आकार राखला आणि भरगच्च स्कर्टाच्या जागी काळी, निमुळती पँट दिली. मला ते फार आवडलं.

तूही एका वेळी एकच गोष्ट उचल: कट (बेतणी), कापड किंवा भरतकाम. तिन्ही उचलल्यास तर अंगावर नाटकातला वेश चढतो.

मग मांजरपाटात नमुना शिव, कुणाला तरी घालायला दे आणि हात वर करायला सांग. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पोशाखांच्या चोळ्यांचे मुंढे (बाही जोडायची जागा) बहुतेक अरुंद आणि पाठीकडे सरकलेले असतात. तसेच उतरवलेस तर आजच्या बाईला बसमधली कडी धरता येणार नाही. मुंढा बदल, पाठीचा डौल ठेव. आणि हो, मूळ पोशाखाचा नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेव.