ताप नाही हो तो, ऊन लागलंय! गोळी देऊन सकाळची वाट बघू नका

ताई, सासरे भर दुपारी लग्नाहून आले, अंग भाजतंय, मधूनच असंबद्ध बोलतायत, तापाची गोळी देऊन झोपवलंय, व्हायरल असेल का, सकाळी दाखवू का, असं तुम्ही लिहिलंय. सकाळी नाही, आत्ता न्या. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा. मी डॉक्टर नाही, पण हेच आमच्या बाबांचं झालंय म्हणून राहवलं नाही.

मे महिना, भावाच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला बाबा सकाळपासून दादर, परळ, लालबाग फिरत होते. वाटेत लघवीला कुठे जायचं म्हणून ते बाहेर पाणीच पीत नाहीत, त्यात बीपीची गोळी लघवी जास्त होणारी. चारला घरी आले, घामाने निथळत होते, आणि आम्ही काय केलं तर पॅरासिटामॉल दिली, वर चादर घातली. घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही, आणि मुंबईत कुठे कोणाला ऊन लागतं, असं घरात सगळ्यांचंच मत. पारा त्या दिवशी 35 च होता, किनाऱ्यावर हवामान खातं 37 च्या खाली उष्णतेची लाट धरतच नाही, त्यामुळे इशारा वगैरे काही नव्हता. पण इथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, आणि वाळला नाही तर अंग थंड होणार कसं? तापात मेंदूच तापमान वर नेऊन ठेवतो, गोळी ते खाली आणते. ऊन लागल्यावर शरीराला उष्णता बाहेर टाकायलाच जमत नसतं, तिथे गोळीचा उपयोग शून्य, उलट लिव्हरवर ताण. हे सगळं मला नंतर कळलं. आमचे दोन तास त्या चादरीत गेले.

मग हॉस्पिटल. काउंटरवरचा माणूस म्हणे आधी केसपेपर, आधार कार्ड कुठाय, रांगेत या. बाबा मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारत होते, तरी चाळीस मिनिटं बाकावर! बाजूला नळ होता, मी रुमाल भिजवून कपाळावर ठेवत बसलो, शर्ट काढून सगळं अंग भिजवायचं सुचलंच नाही. आतल्या डॉक्टरबाईंनी हात लावल्या लावल्या ओल्या चादरी मागवल्या, मान, काखा, जांघेत बर्फ, पंखा फुल. ताप 105. किडनीला मार बसला, नऊ दिवस अ‍ॅडमिट होते, आजही चालताना तोल जातो. त्या बाकाचा राग माझ्या मनातून जात नाही.

म्हणून माझं ठाम मत, अंग तापलंय आणि माणूस बरळतोय किंवा ग्लानीत आहे तर थर्मामीटर शोधत बसू नका, काखेत तो तसाही कमी दाखवतो. आधी भिजवा, मग न्या, रिक्षातही भिजवत न्या. आणि काउंटरवर ‘ताप’ म्हणू नका, ‘ऊन लागलंय, शुद्ध हरपतेय’ असं मोठ्याने सांगा. नीट शुद्धीत नसेल तर पन्हं, पाणी काहीही तोंडात घालू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं.

पुढच्यासाठी एक, बीपीच्या गोळ्यांचं मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून घ्या, स्वतःहून बंद करू नका. आणि ओआरएस म्हणून टेट्रापॅकमधलं गोड पेय आणू नका, पावडरचं पाकीट आणा आणि त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं टाका.

सासऱ्यांना दुपारपासून लघवी झालीय का? ते डॉक्टरांना आठवणीने सांगा, आणि पोचलात की इथे दोन शब्द टाका, मी जागा आहे.