भुसावळ स्टेशनवर काही पोरं रुमालात पंक्चरचं सोल्युशन घेऊन हुंगतात. त्याने मेंदू खरंच कायमचा बिघडतो का?
हो, वर्षानुवर्षं हुंगलं तर बिघडतो, आणि एमआरआयमध्ये दिसतोही. सोल्युशन-थिनरमध्ये बहुधा टोल्युइन नावाचं रसायन असतं. ते चरबीत चटकन विरघळतं, आणि मेंदूतल्या तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण बरंचसं चरबीचंच असतं. ते खराब झालं की मेंदूतला पांढरा भाग बिघडतो, लहान मेंदू आक्रसतो. मग चाल लटपटते, हात थरथरतात, जीभ जड होते, काही लक्षात राहत नाही. आपल्याकडे लोक ‘पोऱ्या येडा व्हई गया’ म्हणून मोकळे होतात. ती मेंदूची इजा असते. लवकर सुटलं तर थोडंफार भरून येतं, सगळं नाही. मात्र हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळीही जीव जाऊ शकतो. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन: १४४४६.