रिग्रेशनमध्ये, म्हणजे डेटावर अंदाजाची रेषा बसवताना, आर स्क्वेअर ०.६४ आला म्हणजे मॉडेल ६४ टक्के बरोबर आहे का?

नाही, उत्तराच्या आकड्यात जो कमीजास्तपणा आहे त्यातला ६४ टक्के मॉडेलनं पकडला, एवढाच अर्थ. समजा लातूरकडच्या गावांच्या पावसावरून सोयाबीनचा एकरी उतारा काढताय, तर मॉडेल नसतं तर प्रत्येक गावाला सरासरीच सांगितली असती, त्यात पडणाऱ्या चुकांचे वर्ग करून बेरीज घ्या, मग मॉडेलच्या रेषेच्या चुकांची तशीच बेरीज, दुसरीला पहिलीनं भागून १ मधून वजा करा, झालं. ही व्याख्याच आहे, एक्सेलमध्ये १० ओळींवर हातानं करून बघाच, पक्कं डोक्यात बसतं. फक्त अंदाजासाठी वापरायचे कॉलम वाढवले की त्याच डेटावर हा आकडा कधी कमी होत नाही, अगदी पिनकोड टाकला तरी, म्हणून कॉलम जास्त असले तर अ‍ॅडजस्टेड आर स्क्वेअर (कॉलमच्या संख्येचा हिशोब धरून कमी केलेला आकडा) बघा.