वडिलांचं क्रिएटिनिन २.१ आलंय, पण त्रास काहीच नाही. आत्ताच नेफ्रॉलॉजिस्टकडे न्यावं का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: वडील ५८ वर्षांचे, चौदा वर्षांपासून शुगर, क्रिएटिनिन २.१, सोनोग्राफी नॉर्मल, लघवी साफ होते, अंगावर सूज नाही. फॅमिली डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी परत बघू. आणि भाऊ म्हणतो, किडनीवाल्याकडे गेलं की तो डायलिसिसला लावतो.

न्या. तीन महिने थांबू नका.

मी डॉक्टर नाही. एका जिल्ह्याच्या गावी सोळा वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. म्हणजे तुमच्या भावाला ज्या खोलीची भीती वाटते, त्याच खोलीत सकाळी सहाला मी मशीन लावतो. त्याची भीती खोटी नाही, फक्त गोष्ट उलट्या टोकाकडून सांगितली जाते. आमच्याकडे पहिल्यांदा येणारे कितीतरी पेशंट क्रिएटिनिन दहा-बारा घेऊन, धापा टाकत येतात. त्याच रात्री डायलिसिस करावं लागतं. मग गावात बातमी पोचते, 'डॉक्टरने डायलिसिसला लावलं.' त्याआधीच्या तीन-चार वर्षांत रिपोर्ट काय काय सांगत होते, ते त्या बातमीत येत नाही.

आता तुमच्या २.१ विषयी. क्रिएटिनिनचा नुसता आकडा फसवा असतो. स्नायूंच्या रोजच्या झिजेतून ते रक्तात येतं आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते, त्यामुळे वय आणि बाई की पुरुष हे धरल्याशिवाय त्याला अर्थ नाही. उदाहरण देतो. १.४ हा आकडा पंचवीस वर्षांच्या तरुणाचा असेल तर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळतेय याचा हिशेबाने काढलेला आकडा, सत्तरच्या आसपास निघतो. तोच १.४ बासष्ट वर्षांच्या आजीबाईंचा असेल तर जेमतेम बेचाळीस. तुमच्या वडिलांचा हिशेब मी केला, साधारण ३६ येतो. मोजायला सोपं म्हणून आम्ही पेशंटला सांगतो, शंभरातली छत्तीस टक्के किडनी चालू आहे असं समजा. शास्त्राच्या भाषेत हे अगदी काटेकोर नाही, पण घरच्यांना कळतं. आणि त्यात आणखी एक वाईट खोड अशी की किडनी निम्मी जाईपर्यंत क्रिएटिनिन बऱ्याचदा नॉर्मलच्या रेघेत बसलेलं असतं. म्हणून 'त्रास नाही' याला मी फार किंमत देत नाही. ३६ ला बहुतेकांना त्रास नसतो. त्रास होतो तेव्हा बऱ्याचदा किडनी फारच खाली गेलेली असते.

सोनोग्राफी नॉर्मल आहे याचाही आधार घेऊ नका. बाकीच्या बऱ्याच किडनीच्या आजारांत किडन्या आकसतात, पण शुगरच्या पेशंटची किडनी खराब होऊनही आकाराने नॉर्मल, कधी थोडी मोठीसुद्धा दिसते. रिपोर्टवर 'नॉर्मल' वाचून घरी पेढे वाटल्यासारखं वागणारे मी पाहिलेत.

अजून एक सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. वडील इन्सुलिनवर असतील आणि गेल्या काही महिन्यांत शुगर 'आपोआप' कमी येऊ लागली असेल, डोस घटवावा लागला असेल, तर खूश होऊ नका. शरीरातलं बरंचसं इन्सुलिन किडनी मोडीत काढते. ती मंदावली की तेच इन्सुलिन जास्त वेळ टिकतं. आमच्याकडच्या एका काकूंनी कारल्याच्या रसाने शुगर उतरली म्हणून अख्ख्या गल्लीला रस पाजला होता. सहा महिन्यांनी त्या माझ्या बेडवर होत्या.

मग नेफ्रॉलॉजिस्ट वेगळं काय करणार? पहिल्याच भेटीत लघवीची एक तपासणी सांगतील, एसीआर, म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन (हे एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. तुमच्या प्रश्नात ती कुठे दिसली नाही. झाली नसेल तर उद्या करून घ्या, सकाळच्या पहिल्या लघवीची. ३० च्या आत असेल तर छान, ३०० च्या वर गेलं तर किडनीतून प्रोटीन फार गळतंय. पुढची चार-पाच वर्षं कशी जातील याचा अंदाज क्रिएटिनिनइतकाच या आकड्यातून येतो. शिवाय ते जुने रिपोर्ट मागतील. दोन वर्षांपूर्वी १.८ होतं आणि आज २.१, ही एक गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी १.१ होतं आणि आज २.१, ही पूर्ण वेगळी गोष्ट. तसं असेल तर हा आठवडासुद्धा घालवू नका. जुना रिपोर्टच नसेल तर आपण कुठल्या गोष्टीत आहोत हेच माहीत नाही, आणि म्हणूनच 'तीन महिन्यांनी बघू' हे मला पटत नाही.

दुसरं म्हणजे गोळ्या. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल गटातली बीपीची गोळी प्रोटीनची गळती कमी करते. डापाग्लिफ्लोझिन शुगरची म्हणून आली आणि पुढे किडनी वाचवणारी ठरली. २०२० मध्ये भारतात तिचं पेटंट संपल्यावर ती परवडणारी झाली. मी कामाला लागलो तेव्हा हे हत्यार नव्हतंच. या गोळ्या सुरू केल्यावर सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वर जातं. इथेच घरचे घाबरून, नाहीतर औषधाच्या दुकानदाराच्या सल्ल्याने, गोळी बंद करतात. किती वाढ चालते आणि कुठे थांबायचं हे ठरवायला पोटॅशियम बघावं लागतं, आणि त्यासाठी रोज हेच करणारा माणूस लागतो. वडील मेटफॉर्मिन घेत असतील तर त्याचाही डोस बघून घ्या. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की तो सहसा कमी करतात, ३० च्या खाली बंदच.

फॅमिली डॉक्टरांना मी कमी लेखत नाही, हे लिहून ठेवतो. पुढेही महिन्याचं बीपी, शुगर, खोकला-ताप तेच बघणार. नेफ्रॉलॉजिस्ट दर तीन-चार महिन्यांनी दिशा दाखवतील, बस. आणि भेट घेताना पाटी नीट वाचा. यूरॉलॉजिस्ट वेगळे. ते मुतखडा, प्रोस्टेट, ऑपरेशनवाले. निम्मा जिल्हा आधी तिथे जाऊन, फी भरून, मग आमच्याकडे येतो.

आता दोन माणसं सांगतो, नावं नाहीत.

एक एसटीचे ड्रायव्हर. गुडघे दुखायचे, म्हणून ड्युटीवर जाताना रोज डायक्लोफेनॅकची गोळी, किती वर्षं ते त्यांनाही आठवत नव्हतं. क्रिएटिनिन तीनच्या वर गेल्याचं कळल्यावर कोणीतरी काढा आणि भस्माची पुडी दिली, आठ महिने तीच. रात्री अकराला आणलं तेव्हा फुप्फुसात पाणी भरलं होतं, आडवं झोपवता येत नव्हतं. मानेच्या शिरेत कॅथेटर, म्हणजे नळी, टाकून डायलिसिस केलं. पुढे त्याच कॅथेटरला इन्फेक्शन झालं, थंडी वाजून ताप, पुन्हा ॲडमिट. घरच्यांनी म्हैस विकली ती डायलिसिससाठी नव्हे, या ॲडमिशनसाठी.

दुसरे एक निवृत्त गुरुजी. ईजीएफआर चाळीसच्या आसपास असताना मुलीने ओढत नेफ्रॉलॉजिस्टकडे नेलं. सात वर्षं ते मशीनशिवाय राहिले. शेवटी लागलंच, मी ते लपवत नाही. पण लागण्याआधी त्यांची हेपेटायटिस बी ची लस झाली होती, हातावर फिस्टुला तयार होता आणि ते स्वतःच्या पायाने, बगलेत वर्तमानपत्र घेऊन आले. पहिल्या दिवशी मला विचारलं, "मशीनला इंग्रजी येतं की मराठीत बोलू?" दोघांचा आजार एकच होता.

फिस्टुला म्हणजे हातातली शीर आणि धमनी जोडतात, शीर जाड होते, तिथून सुया लावता येतात. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही युक्ती जगासमोर मांडली आणि आजही नवा पेशंट आला की आम्ही आधी तीच आहे का बघतो. पण ती पिकायला दीड ते तीन महिने लागतात. रात्री अकराला आलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

घरी काय थांबवायचं ते सांगतो. दुखण्याच्या गोळ्या, मग त्या मेडिकलवाल्याने 'साधी आहे' म्हणून दिल्या तरी. कशाचं आहे हे न लिहिलेलं भस्म, चूर्ण, काढा. 'लो सोडियम' मीठ, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि मंदावलेल्या किडनीला ते बाहेर टाकणं जड जातं. नारळपाणी रक्तातलं पोटॅशियम बघितल्याशिवाय देऊ नका, प्रत्येक पाहुणा तेच घेऊन येतो. स्टारफ्रूट तर अजिबात नको. लोणचं-पापडाचं तुम्हाला ठाऊक आहेच. डाळ पूर्ण बंद करू नका, बायका धसका घेऊन सगळंच बंद करतात आणि माणूस सुकतो. 'भरपूर पाणी प्या' हा मुतखड्याचा सल्ला आहे, वडिलांना किती ते डॉक्टर सांगतील.

पैशाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, प्रत्यारोपणही बसतं. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आत्ताच बघून ठेवा. आणीबाणीत एका काना-मात्रेसाठी लोक दोन दिवस फिरलेले मी पाहिलेत. तुम्हाला मात्र सध्या लागेल ती डॉक्टरांची फी, थोडं रक्त-लघवी आणि महिन्याच्या गोळ्या.

जाताना सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, काही काढा घेत असतील तर तोसुद्धा. आणि एक काम आजपासून: वडील उजव्या हाताने लिहीत-जेवत असतील तर डावा हात राखून ठेवा, पुढे कधी फिस्टुला लागलाच तर त्यासाठी. रक्त काढायला, सलाईन लावायला उजवा पुढे करायचा, तोही शक्यतो पंजाच्या मागची शीर. नर्स कुरकुर करेल. करू दे.