माफीनाम्यावर सही करण्याआधी

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं. काळा घोड्याजवळच्या एका गॅलरीत माझं प्रदर्शन होतं. त्यातल्या दोन नग्नचित्रांवर कुणीतरी तक्रार केली. अश्लीलतेचा गुन्हा दाखल झाला, पोलीस दोन्ही कॅनव्हास घेऊन गेले आणि आता मला चौकशीची नोटीस आली आहे. गॅलरीवाले म्हणतात, लेखी माफी द्या, विषय मिटेल. आईचंही तेच म्हणणं. काय करू?

उत्तर : ताई, सही करू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 खालचा अश्लीलतेचा गुन्हा आपसात मिटत नाही. तक्रारदार तुमच्या माफीने शांत झाला तरी खटला उभाच राहतो आणि माफीनाम्यातले ‘माझ्या अश्लील चित्रांमुळे’ असे तुमचेच शब्द त्या खटल्यात तुमच्याविरुद्ध वाचले जातात. वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेवरच्या अश्लीलतेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये बिनशर्त माफी मागणाऱ्या प्रकाशकाला मोकळं केलं, कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं. चित्र प्रदर्शित करणाराही याच कलमात येतो, म्हणून गॅलरीची घाई मी समजू शकतो. पण त्यांचं हित आणि तुमचं हित एक नाही. वकील वेगळा करा.

अटकेच्या धास्तीने तुम्हाला झोप नाही, असं लिहिलंय. हे कलम जामीनपात्र आहे, जामीन हा तुमचा हक्क आहे. पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त 2 वर्षं कैद आणि 5,000 रुपये दंड. नोटिशीची तारीख मात्र चुकवू नका, हजर राहा. एफआयआरची प्रत घेऊन कलमं नीट वाचा. धार्मिक भावना दुखावल्याचं कलम 299 त्यात घातलं असेल तर ते अजामीनपात्र आहे. मग त्याच दिवशी अटकपूर्व जामिनाची तयारी करा.

आता पंचनामा. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत ‘नग्न स्त्रीची दोन अश्लील चित्रे’ एवढंच आहे. अश्लील आहे की नाही हे कोर्ट ठरवणार, पंचनाम्याने फक्त वस्तूचं वर्णन करायचं. माप, माध्यम, चौकट, कॅनव्हासची स्थिती यातलं काहीच त्यात नाही. हा आक्षेप लेखी द्या आणि पोच घ्या.

कायदा तुमच्या बाजूने बराच आहे. नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, कलाकृती पूर्ण पाहायची आणि आजच्या समाजाच्या मापाने पाहायची, हे सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये अवीक सरकार प्रकरणात सांगितलं. ऑक्टोबर 2024 मध्ये तर आपल्याच मुंबई हायकोर्टाने कस्टम्सने अडवलेली चित्रकार एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची सात चित्रं सोडायला लावली. त्याच पदमसींवर 1954 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनावरून खटला झाला होता आणि ते निर्दोष सुटले होते. सत्तर वर्षांनी पुन्हा त्यांचीच चित्रं अडवली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कलेच्या हितासाठी केलेल्या कामाला 294 मध्येच अपवाद आहे, पण तो सिद्ध करावा लागतो. म्हणून स्केचबुकं, मॉडेलची लेखी संमती, कॅटलॉग, चित्रं भिंतीवर कशी लावली होती त्याचे फोटो, सगळं जपा. आणि ती अभिप्रायाची वही! एका आजींनी त्यात ‘हे माझंच पोट, बाळंतपणानंतरचं’ असं लिहिलंय ना? समाजाचं माप म्हणतात ते कोर्टाला याहून चांगलं कुठे दिसणार? वही आजच गॅलरीतून ताब्यात घ्या. इन्स्टाग्रामवरचे जुने फोटो काढू नका, पुरावा नष्ट केल्याचा आरोप नको. नवे टाकूही नका.

पुढे गुन्हा रद्द करून घ्यायला हायकोर्टात जाता येईल. आधी किल्ला कोर्टात, म्हणजे एस्प्लनेडच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात, चित्रांसाठी अर्ज करा. चित्रं परत मिळाली तर उत्तमच. नाहीतर ती कोरड्या जागी, एकमेकांना न टेकवता, उभी ठेवावीत एवढा तरी आदेश मागा. रंग अजून पुरता वाळलेला नाही म्हणता, आणि मुद्देमालाच्या खोलीत एकावर एक गठ्ठे रचलेले मी पाहिले आहेत. हा अर्ज या आठवड्यातच जाऊ द्या.